चारशे बारा नंबरचा परवाना

नुकुसहून पत्र आलं तेव्हा उमसुनाय वाटाण्याच्या मुळांवरचे जिवाणू जुन्या नळीतून नव्या नळीत उतरवत होती. हातातलं काम अर्धवट टाकून पत्र वाचायची तिची पद्धत नव्हती. स्पिरिटच्या दिव्यावर तार लाल करायची, गार होऊ द्यायची, जुन्या नळीतला कणभर थर उचलायचा, नव्या नळीतल्या आगराच्या थिजलेल्या खाद्यावर नागमोडी रेघ ओढायची, कापसाचा बोळा बसवायचा आणि काचेवर नंबर लिहायचा. पस्तीस वर्षं ती हे करत आली होती. बिश्केकच्या त्या संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि पाच फ्रिज मिळून संग्रह होता. त्यात अकराशे चाळीस जातींचे जिवाणू होते, आणि त्यांतला प्रत्येक दर चार महिन्यांनी नव्या नळीत घालावा लागे. नाही घातला तर मरे. पूर्वी त्यांना गोठवून, वाळवून काचेच्या कुपीत वर्षानुवर्षं निजवून ठेवणारं यंत्र होतं. ते त्र्याण्णव साली बंद पडलं, आणि त्याचे सुटे भाग बनवणारा कारखानाही तोवर उरला नव्हता. वाळवलेल्या कुप्या एकेक करून संपल्या. तेव्हापासून यंत्राचं काम उमसुनायच्या दोन हातांवर आलं ते आलंच.

पत्र ताजागुल नावाच्या बाईचं होतं. नुकुसच्या कृषी संशोधन केंद्रात ती जमिनीवर काम करत होती. अराल समुद्र आटला, नदी आखडली आणि मैलोन्‌मैल जमीन मिठानं पांढरी पडली, त्या जमिनीवर तिला ज्येष्ठमध लावायचा होता. ज्येष्ठमध मीठ सोसतो, हळूहळू जमीन सुधारतो, पण रोपं जगायला त्यांच्या मुळांवर गाठी धराव्या लागतात, आणि त्या गाठी धरणारे जिवाणू आता त्या मातीत राहिले नव्हते. ‘माझे गुरू पेर्देबाय आगा यांनी अठ्ठ्याहत्तर साली मुयनाकच्या वाटेवर, नदीकाठच्या ज्येष्ठमधाच्या मुळांतून एक जात वेगळी केली होती,’ तिनं लिहिलं होतं. ‘आमच्याकडे ठेवायची सोय नव्हती म्हणून त्यांनी ती तुमच्याकडे पाठवली. आगा वारले. तो काठही राहिला नाही. तुमच्याकडे ती जात अजून आहे का?’

उमसुनायनं कार्डांचा खण ओढला. कार्ड लगेच बोटाला लागलं. जांभळ्या शाईत, बारीक तिरप्या अक्षरात लिहिलं होतं : ४१२. ज्येष्ठमध. मुयनाकची वाट. खारवट माती. चार टक्के मिठातही वाढतो. खाली पेर्देबायची सही आणि तारीख.

तिनं फ्रिज उघडला आणि नळी उजेडाकडे धरली. दुधाळ रेघ जागच्या जागी होती.

त्याच दिवशी तिनं नुकुसला फोन लावला. “आहे, आहे! व्यवस्थित आहे. आठ दिवसांत तुझ्या हातात पडेल.”

 पलीकडून आवाज आला, “अपा, तुमचे पाय कुठे आहेत सांगा, मी धरते!”

“आधी मला अपा म्हणायचं बंद कर. आमच्यात अपा म्हणजे आई. एवढी थेरडी झाले नाही अजून. थोरली बहीण म्हणून एजे म्हण.”

“आमच्यात थोरल्या बहिणीलाही अपाच म्हणतात.”

“मग म्हण बाई काय म्हणायचं ते.”

उमसुनाय नारीन खोऱ्यातली. तिच्या गावी ऐरानचं विरजण कोणाकडे बिघडलं तर बाई वाडगा घेऊन सरळ शेजारणीच्या दारात जाई, आणि शेजारीण हातातलं काम टाकून तो भरून देई. विरजण नाही म्हणणारी बाई तिनं पाहिली नव्हती. तेव्हा आठ दिवस हा शब्द तिनं काही उगाच फेकला नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं.

संचालक तुर्दुबेक एके काळी तिचाच विद्यार्थी. त्याच्या कानावर घालायला ती गेली तेव्हा तो खुर्चीतच चुळबुळला.

“एजे, आता तसं पाठवता येत नाही. नवा नियम आलाय. देशातली जैविक संपत्ती बाहेर जायची तर परवाना लागतो.”

“संपत्ती? अरे, ती त्यांचीच आहे. चाळीस वर्षं आपण सांभाळली. ठेव परत द्यायला परवाना?”

“मला कळतंय. पण सही माझी जाते. एक अर्ज टाकून द्या ना. काय जातंय?”

काय जातंय ते पुढं कळायचं होतं.

परवान्याचं खातं शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथला अधिकारी एमिलबेक पस्तिशीचा, स्वच्छ दाढी केलेला, बोलायला अतिशय गोड. त्यानं उमसुनायला उठून खुर्ची दिली, चहा मागवला, वाटीभर तळलेले बोर्सोक पुढं ठेवले, आणि अर्ज वाचता वाचता त्याची पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर थांबली.

“एजे, उगमाचा देश?”

“उझबेकिस्तान. काराकाल्पाक भाग.”

“म्हणजे हा जिवाणू आपला नाही.”

“नाहीच. म्हणून तर परत द्यायचाय.”

“जो आपला नाही, तो बाहेर न्यायला आम्ही परवाना कसा देणार? आमचा परवाना आपल्या देशाच्या संपत्तीसाठी आहे.”

“बरं झालं. मग परवान्याविना पाठवते.”

“परवान्याविना कसा जाईल? सीमेवर अडवतील तुम्हाला.”

उमसुनाय त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यात थट्टेचा मागमूस नव्हता. “इनिम,” धाकट्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली, “परवाना लागत नाही म्हणून तो देता येत नाही, आणि तो नाही म्हणून नळी जाऊ शकत नाही. मी घेऊ काय?”

“समितीपुढं ठेवू या,” एमिलबेक हसून म्हणाला. “बोर्सोक घ्या ना.”

समिती तीन महिन्यांनी एकदा बसे. डिसेंबरातली बैठक बर्फामुळं दोनदा पुढं गेली आणि एकदाची भरली, तेव्हा उमसुनाय बाहेरच्या बाकावर साडेतीन तास बसली. शेवटी एमिलबेक बाहेर आला तो मान हलवतच.

“विषय घेता आला नाही, एजे. जिवाणूंचा विषय असला की समितीत जिवाणूंचा तज्ज्ञ हजर लागतो. नियमच आहे.”

“मग बोलवा की तज्ज्ञाला.”

त्यानं हातातली यादी तिच्यापुढं धरली. यादीत एकच नाव होतं. तिचं स्वतःचं.

“मी इथंच तर बसलेय!”

“पण अर्जदार तुम्हीच. स्वतःच्या अर्जावर स्वतःच तज्ज्ञ म्हणून बसता येत नाही ना.”

त्या दिवशी उमसुनाय मार्श्रुत्काची मिनीबस न घेता घरापर्यंत चालत आली, साडेपाच किलोमीटर, बर्फातून. गाडीत बसली असती तर कोणाच्या तरी अंगावर ओरडली असती.

हिवाळा वाईट गेला. दिवसातून दोन-दोन वेळा वीज जाई. फ्रिज गरम व्हायची भीती नव्हती, कारण खोलीच फ्रिजसारखी होई. भीती होती उबवणपेटी बंद पडण्याची. कोट घालून, बिनबोटांचे हातमोजे चढवून ती नळ्यांमागून नळ्या उतरवत राहिली. ताजागुलचा फोन दर शुक्रवारी येई. सुरुवातीला ती ‘परवान्याचं काय झालं’ असं विचारी. जानेवारीत तिनं तसं विचारणं सोडलं, आणि उमसुनायला ते जास्त लागलं.

“रोपं मार्चच्या शेवटी लावायची, अपा,” ती एवढंच म्हणे. “अठराशे रोपं तयार केलीत. बोटभर झालीत.”

फेब्रुवारीत ती स्वतःच आली. नुकुसहून ताश्कंदपर्यंत विमानानं, तिथून दोन सरहद्दी ओलांडत गाडीनं. दारात उभी राहिली ती चाळिशीची, रापलेली, ठेंगणी बाई होती आणि तिच्या हातात वाळवलेल्या खरबुजाची वेणी होती. उमसुनायनं तिला आत ओढलं, पुढ्यात दूध घातलेला चहा आणि मांसाचं गरम कुउर्दाक ठेवलं, आणि पोटभर जेवल्याशिवाय जिवाणूचं नाव काढू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून एमिलबेककडे गेल्या. त्यानं दोघींना चहा मागवला.

“एक मार्ग आहे,” तो म्हणाला. “उझबेक बाजूनं पत्र आणा, की हा जिवाणू त्यांचा आहे.”

“हे माझ्या गुरूंच्या हातचं कार्ड,” ताजागुलनं छायाप्रत टेबलावर ठेवली. “गावाचं नाव आहे, सही आहे, तारीख आहे.”

“हे कार्ड आपल्या संस्थेचं झालं. मला त्यांच्या सरकारचं पत्र हवं.”

“आमच्या खात्यात मी गेले होते. ते म्हणतात, जिवाणू आमच्याकडे नाही, तर तो आमचा आहे असं आम्ही कशावरून लिहून देणार? आधी जिवाणू आणून दाखवा.”

एमिलबेकनं दोन्ही तळवे वर केले. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं, आणि उमसुनायच्या अंगाचा तिळपापड झाला तो नेमका त्याच्या त्या वाईट वाटण्यानं. खाष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

“इनिम, तू कधी शेजाऱ्याकडून विरजण आणलंयस?”

“आई आणते, एजे.”

“तिला सांग, आधी तज्ज्ञ बसव म्हणावं!”

बाहेर आल्यावर दोघी फुटपाथवर उभ्या राहिल्या. ताजागुलनं आपली कातडी पिशवी पोटाशी धरली.

“अपा, एक बोलू? नळी बोटाएवढी असते. लिपस्टिकच्या शेजारी ठेवली तर कोण बघतंय?”

उमसुनायच्या मनात हे महिनाभर घोळत नव्हतं असं नाही. एकदा तर तिनं चारशे बाराची जादा नळी उतरवून, रुमालात गुंडाळून खणात ठेवलीही होती.

“आणि पुढं?” ती म्हणाली. “जिवाणू कुठून आला असं कोणी विचारलं तर काय लिहिशील? लिपस्टिकच्या शेजारून?”

ताजागुलनं पिशवी खाली केली. चोरून आणलेल्या जिवाणूवरचा अहवाल कोणी छापणार नव्हतं, त्याच्यावर कोणी पुढचं शेत देणार नव्हतं. आणि सीमेवर सापडली असती तर नळीत काय आहे हे कोणी समजून घेतलं नसतं, रोगाचे जंतू म्हणूनच बोभाटा झाला असता.

“मी मूर्खासारखं बोलले.”

“मूर्खासारखं नाही. कंटाळल्यासारखं बोललीस.”

ताजागुलच्या परतीला दोन दिवस होते. ते तिनं संग्रहात काढले, उमसुनायच्या शेजारी स्टुलावर बसून, आपल्याकडे काय काय नाही याची यादी करत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपल्या संगणकावर परदेशी संग्रहांच्या याद्या चाळत होती. चाळता चाळता थांबली.

“अपा, हे बघा.”

युरोपातल्या एका मोठ्या संग्रहाची यादी होती. ज्येष्ठमधाच्या मुळांवरचा जिवाणू. चार टक्के मिठात वाढतो. जुना क्रमांक : ४१२. उगम : किर्गिझस्तान. मूळ शोधक : अज्ञात. जमा करणारा : हेंड्रिक असं काहीसं नाव, साल शहाण्णव. आणि खाली एक बटण होतं, मागवण्याचं.

उमसुनायनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. हेंड्रिक तिला चांगला आठवत होता. उंच, वाकून चालणारा, सदा सर्दी झालेला. शहाण्णव साली तो आला तेव्हा संस्थेत पगार नव्हता, स्पिरिट नव्हतं, गाळणकागद नव्हता. तो सगळं पेटीत भरून घेऊन आला होता. जाताना त्यानं वीस जिवाणू मागितले आणि तिनं ते बुटाच्या खोक्यात, कापसात बसवून दिले. कागद असा एकही झाला नाही. मागितलं, दिलं.

“शोधक अज्ञात,” ताजागुल हळूच म्हणाली. “आगांचं नाव कार्डावर इतकं ठळक आहे.”

“कार्ड त्याला दिलं नव्हतं मी,” उमसुनाय म्हणाली. “नुसत्या नळ्या दिल्या. नंबर तेवढे काचेवर होते.”

ती उठून खिडकीशी गेली. कुठल्या कुठून आलेल्या परक्या माणसाला तिनं खोकं भरून दिलं होतं, आणि ज्यांचं होतं त्यांच्या माणसाला एक नळी देता येत नव्हती. दात-ओठ खावेत तरी कोणावर? हेंड्रिकनं चोरलं नव्हतं. एमिलबेकनं नियम केले नव्हते. कदाचित हेंड्रिकसारख्यांना खोकी भरभरून गेली म्हणूनच पुढं नियम झाले असतील, आणि ते खोकं भरणारे हात तर तिचे स्वतःचे होते.

“मागव,” ती पाठमोरीच म्हणाली.

“अपा—”

“मागव म्हणते ना! रोपं बोटभर झालीत. माझ्या रुसण्यानं त्यांना गाठी येणार आहेत का?”

अकराव्या दिवशी कुपी नुकुसला पोचली. ताजागुलनं फोन केला तेव्हा तिचा आवाज आनंदानं वर जाई आणि मग शरमून खाली येई. “थर्मोकोलच्या पेटीत होती, अपा. बरोबर सोळा पानांचा करार. तिसऱ्या कोणाला द्यायची नाही, असं त्यात लिहिलंय.”

“तिसरा कोण?”

“तुम्ही,” ताजागुल म्हणाली, आणि दोघीही हसल्या. 

उमसुनायनं त्या युरोपातल्या संग्रहाला पत्र लिहिलं. शोधक अज्ञात नाही, पेर्देबाय एसेमुरातोव्ह आहे. उगम किर्गिझस्तान नाही, मुयनाकची वाट आहे. सोबत कार्डाचा फोटो जोडला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, अतिशय नम्र. चूक दुरुस्त केली होती. तिनं यादी उघडून पाहिली. पेर्देबायचं नाव होतं, नदीचं होतं, हेंड्रिकचं होतंच. या दोघांच्या मध्ये अठरा वर्षं तो जिवाणू जिवंत कोणी ठेवला, याला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. तिनं नाव मागितलं असतं असंही नाही. पण रकानाही असू नये, हे तिला दिवसभर कुरतडत राहिलं. त्या दिवशी दोन नळ्या तिच्या हातून फुटल्या.

मे महिन्यात ताजागुलनं फोटो पाठवले. पांढऱ्या, कडक जमिनीतून उपटलेलं रोप, आणि त्याच्या बारीक मुळांवर गुलाबी गाठी, मोत्यांसारख्या लगडलेल्या. “मोजल्या, अपा. एकेका रोपाला चाळीस-चाळीस. तुमच्याकडच्या चारशे बारावर जुनी आकडेमोड असेल ना? शेजारी ठेवून बघायचीय मला.”

जुनी आकडेमोड ऐंशीच्या दशकातली होती. उमसुनायला वाटलं, नवीच करून देऊ. निदान एवढं तरी आपल्या हातात आहे. तिनं चार टक्के मिठाचं आगर शिजवलं, काचेच्या बशांत ओतलं, आपल्या फ्रिजमधल्या चारशे बाराची रेघ ओढली आणि बशा उबेला ठेवल्या.

तीन दिवसांनी बशा कोऱ्या होत्या. तिला वाटलं मीठ जास्त पडलं. पुन्हा केलं. तीन टक्क्यांवर एक फिकट, केविलवाणी रेघ आली. चारवर काहीच नाही. साध्या, बिनमिठाच्या आगरावर मात्र तोच जिवाणू मजेत, दुधासारखा वाढला होता.

ती स्टुलावर बसली. झालं काय हे समजायला तिला कोणी सांगायची गरज नव्हती. यंत्र बंद पडल्यापासून सव्वीस वर्षं दर चार महिन्यांनी गोड, मऊ, बिनमिठाच्या नळीत राहून चारशे बारा मीठ सोसायचं विसरला होता. ती दर खेपेला शुद्धता बघत आली होती. दुसरं काही मिसळलं नाही ना, एवढंच. मिठावर लावून बघायचं राहून गेलं. बघायला लागत होतं काय? मीठ. ते तर तिच्या स्वयंपाकघरातही होतं. पण अकराशे चाळीस नळ्या आणि दोन हात.

म्हणजे पहिल्याच आठवड्यात परवाना मिळाला असता तर नुकुसला ही नळी गेली असती. अठराशे रोपं हिच्या भरवशावर त्या मिठात उभी राहिली असती आणि वाळली असती. खरा चारशे बारा टिकला होता तो हेंड्रिकच्या खोक्यात. तिकडं गेल्याबरोबर त्यांनी तो वाळवून, निजवून ठेवला, म्हणून तो जसाच्या तसा राहिला.

हे ताजागुलला सांगणं तिच्या जिवावर आलं. पण तिनं त्याच दुपारी फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

“तुमची चूक नाही, अपा,” ताजागुल म्हणाली.

“ती कोणाची ते राहू दे. मला आता झोप लागत नाहीय ती बाकीच्यांच्या काळजीनं. अकराशे एकोणचाळीस आहेत माझ्याकडे. त्यांतले किती आपापली विद्या विसरून नुसते फुगून बसलेत, मला ठाऊक नाही. आणि त्यांची दुसरी प्रत जगात कुठंही नाही.”

“हेंड्रिककडे वीस होते ना?”

“वीस! त्या दिवशी मोठं खोकं का नाही शोधलं मी!”

ऑगस्टमध्ये एमिलबेकचा फोन आला. आवाजात लगीनघरचा उत्साह. “एजे, अभिनंदन! समितीनं मंजुरी दिली. कोंबड्यांच्या रोगांचे एक डॉक्टर मिळाले, ते तज्ज्ञ म्हणून बसले. चारशे बारा नंबरचा परवाना तयार आहे. या, सही करून घेऊन जा.”

उमसुनाय गेली. परवाना जाड कागदावर होता, वर गरुडाचा शिक्का, खाली चार सह्या. दहा महिने लागले होते. तिनं तो नीट वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“इनिम, हा जिवाणू आता द्यायच्या लायकीचा राहिला नाही. मला तोच बाहेरून मागवायचाय. त्याला काय लागतं?”

एमिलबेकचा चेहरा आधी पडला, मग लगेच खुलला. “आत आणायला? ते सोपं आहे. एक पान. चार दिवस.”

“चार दिवस?”

“आत येण्यात देशाचं काही जात नाही ना.”

तिनं डोक्याला हात लावला. त्यानं चहा मागवला.

खरोखरच चार दिवस लागले. सप्टेंबरात बंद काचेची कुपी बिश्केकला आली. युरोपवाल्यांनी तिच्याकडून काहीच घेतलं नाही. मूळ संग्रह म्हणून पाठवतो, असं लिहिलं होतं. तिनं कुपीचं टोक दिव्यावर तापवून थेंबभर पाण्यानं फोडलं, आतली पांढरी भुकटी ओली केली आणि चार टक्के मिठावर रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी रेघ दाट, चकचकीत उठली होती. पेर्देबाय आगांनी नदीकाठी पाहिली असेल तशी. उमसुनायनं बशी झाकली आणि कुणालाही न सांगता तुर्दुबेकच्या खोलीतून कोऱ्या कागदांचं बंडल उचलून आणलं.

पंधरा दिवस ती लिहीत होती. नंबर, जात, गाव, शोधक. मग ते बंडल पोटाशी धरून ती मार्श्रुत्कात बसली आणि एमिलबेकच्या टेबलावर आदळलं.

“हे काय, एजे?”

“अर्ज. नुकुसच्या आणि आणखी दोन संग्रहांत प्रती ठेवायच्यात.”

“कशाच्या?”

“सगळ्याच्या.”

एमिलबेकनं वरची काही पानं उलटली. पहिल्यांदाच त्याला चहा मागवायचं सुचलं नाही. “एजे, एका अर्जात नऊच ओळी असतात. एका बैठकीला एका अर्जदाराचा एकच अर्ज.”

“माहीत आहे. चार बैठका, नवा चोक छत्तीस. म्हणजे एकतीस वर्षं आणि वर काही महिने. मी अठ्ठावन्नची आहे.”

तो हसला नाही. त्यानं पानं सारखी केली. मग दाराकडे नजर टाकून आवाज उतरवून म्हणाला, “अर्ज संस्थेच्या नावानं न करता विभागांच्या नावानं केले तर? तुमच्या संस्थेत विभाग किती?”

“सहा. त्यांतल्या तिनांत माणूस नाही.”

“माणूस असायला हवा असं नियमात नाही.”

उमसुनायनं मनातल्या मनात भागाकार केला. पाच वर्षं आणि थोडं. तेही कोंबड्यांचे डॉक्टर दर वेळी आले तर, बर्फ पडला नाही तर, एमिलबेकची बदली झाली नाही तर. धन्यवाद म्हणायचं राहूनच गेलं. रडू येतंय का राग येतोय हे तिचं तिलाच कळेना. तिनं बंडल उचललं, परत बसच्या थांब्यावर आली आणि ताजागुलला फोन लावला.

“पहिल्या खेपेला चोपन्न जातील. कुठले देऊ?”

“कापसाच्या मुळांवरचे,” ताजागुल ताबडतोब म्हणाली. “ते इथं कोणाकडे नाहीत. ते आधी.”

“तुझे लाडके नकोत. आजारी कुठले ते सांगते मी. सातशे तीस ते सातशे बेचाळीस, हे गेल्या वर्षीपासून नीट वाढत नाहीत.”

“पण अपा, आजारी पाठवून काय करणार? धडधाकट आहेत तेच आधी जाऊ द्यात. ते अजून शहाणे आहेत तोवर.”

“आणि आजाऱ्यांनी मरायचं?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तसंच म्हटलंस!”

बस आली आणि गेली. उमसुनाय बंडल मांडीवर ठेवून बाकावर बसली, पेन दातात धरून पानं उलटू लागली, आणि दोघी एकेका नंबरावर भांडत राहिल्या.